लहान मुले आणि समाजाचा इतिहास

इतिहास म्हणजे राजांची नावे आणि लढायांच्या सनावळ्या, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. म्हणूनच तिसरी-चौथीच्या मुलांना तो कंटाळवाणा वाटतो. वस्तुतः इतिहासाचा खरा विषय समाज हा आहे, आणि समाज सतत बदलत असतो. हे बालमनाला कसे समजावून द्यावे, हा शिक्षकांइतकाच पालकांचाही प्रश्न आहे.

लहान मुलाला पाचशे वर्षांची कल्पना येत नाही. त्यावर एक सोपा उपाय आहे. एक लांब दोरी घ्यावी. तिचे पहिले टोक म्हणजे १४९४ साल. त्या सुमारास मलिक अहमद निजामशहाने भिंगारजवळ, सीना नदीच्या काठी आपले शहर वसविले. तेथून दर पंचवीस वर्षांना एक गाठ मारावी. एक गाठ म्हणजे साधारण एक पिढी. आजपर्यंत एकवीस गाठी होतात.

आता आपला भुईकोट किल्ला घ्या. तिसऱ्या गाठीच्या अलीकडे, १५५९ मध्ये, हुसेन निजामशहाने त्याचे दगडी बांधकाम सुरू केले. चौथ्या गाठीजवळ, १५९५-९६ मध्ये, चांदबिबीने तो मोगल फौजेपासून राखला. बारावी गाठ ओलांडली की १८०३ साल येते. तेव्हा तो इंग्रजांनी घेतला. अठराव्या गाठीजवळ, १९४२ ते १९४५ या काळात, पंडित नेहरू आणि मौलाना आझाद तेथे बंदिवान होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आणि ‘गुबारे खातिर’ हे ग्रंथ त्या बंदिवासातले. जागा एकच, पण कधी राजधानी, कधी छावणी, कधी तुरुंग. मुलाला तीनच प्रश्न विचारावेत : काय बदलले? का बदलले? काय टिकले?

पण दोरीवर केवळ राज्यकर्ते नकोत, माणसेही हवीत. मलिक अहमदचे वडील मूळचे पाथरीच्या ब्राह्मण कुळातील, असे फिरिश्ता लिहितो. निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर हा हबशी. गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ यांच्या नावावरून आपल्या पुत्रांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगते. तेलंगणातून पद्मशाली विणकर येथे आले. १८३१ पासून अमेरिकन मिशनचे कार्य सुरू झाले. मिस फरार यांची नगरमधील मुलींची शाळा जोतिराव फुले यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. १९५० मध्ये प्रवरेच्या काठी लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि गावांचे रूप पालटले.

पालकहो, हे सारे कशासाठी? आपली मुले बाहेरून ऐकून येतात, ‘हा इतिहास आमचा, तो तुमचा.’ कोणी त्यांना परके म्हणतो. कधी आपणही गतवैभवाच्या गोष्टींत रमतो आणि मुलांना वाटते, आपले जे काही होते ते संपले. दोन्ही समजुती घातक आहेत. दोरी हातात घेतलेल्या मुलाला दिसते की, हे गाव आलेल्या आणि राहिलेल्या सर्वांनी मिळून घडविले. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ मध्ये याच जिल्ह्यातील चौंडीचा. त्यांची चिठ्ठीही दोरीवर नवव्या गाठीच्या पुढे बांधावी आणि नावाबद्दल मुलाने प्रश्न विचारला तर दोन्ही नावांची हकिकत शांतपणे सांगावी.

शेवटच्या तीन गाठी मात्र घरच्याच असाव्यात. दादी पाणी कोठून आणत होती? दादा कोणता धंदा करीत होते? दादीची शाळा कितव्या इयत्तेत सुटली, आणि का? ज्या घरात दादीला सही करता येत नव्हती, त्या घरातील नात आज कॉलेजात जात असेल, तर तो बदल किल्ल्याच्या तटाहून लहान नाही. तो आपोआप झालेला नाही. कोणीतरी हट्टाने तिला शाळेत घातले म्हणून झाला. एवढे मुलांना उमजले, तर पुढची गाठ आपण बांधायची आहे, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.