कायद्याने स्वीकारलेली बुरशी

१९५८ साली केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले पीठ खाण्यात येऊन शंभरावर माणसे दगावली. पिकांच्या रक्षणासाठी आणलेले विष माणसांच्या ताटात गेले. या आघातानंतर विषांवर अंकुश ठेवण्याची निकड दिल्लीला जाणवली आणि १९६८ साली संसदेने कीटकनाशक कायदा संमत केला. त्या काळी कीटकनाशक म्हणजे रसायन, असेच बहुतेक मानीत.

किडीला मारणाऱ्या बुरशीची ओळख मात्र कितीतरी जुनी. रेशीमकिडे चुन्यासारखे पांढरे होऊन मरतात ते एका बुरशीमुळे, हे इटलीतील आगोस्तिनो बास्सी याने १८३५ साली सिद्ध केले. बास्सीच्या दृष्टीने ती वैरीणच होती. पुढे तिला त्याचेच नाव मिळाले, बोव्हेरिया बॅसियाना. १८७९ साली रशियन शास्त्रज्ञ मेच्निकोव्ह याने अशाच एका हिरव्या बुरशीचा प्रयोग गव्हावरील भुंगेऱ्यांवर केला आणि वैरीण शेतकऱ्याची सोबतीण होऊ शकते हे दाखविले.

बुरशीचे बीजाणू किडीच्या अंगाला चिकटतात, कवच भेदून आत शिरतात आणि काही दिवसांत तिचा प्राण घेतात. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखी रसायने आली, तेव्हा हा विलंब कोणाला मानवेना. परंतु फवारा सर्वत्र पोचत नाही. युरोपातील स्प्रूस वृक्षांचा भुंगेरा सालीखाली दडतो; महाराष्ट्रातील हुमणी उसाच्या मुळांशी मातीत राहते. सापळ्यात आलेल्या भुंगेऱ्यालाच बीजाणू माखून सोडावे, म्हणजे तोच रोग सालीखाली नेईल, या कल्पनेवर तिकडे प्रयोग झाले. इकडे मेटारायझियम ही बुरशी शेणखतात मिसळून उसाच्या मुळांशी देतात.

१९९९ साली अशा बुरशींना कीटकनाशक कायद्याच्या अनुसूचीत स्थान मिळाले. त्यांच्या नोंदणीचे काम दिल्लीलगत फरीदाबादेत चालते. रसायनात विष किती, हे पाहावयाचे. बुरशीत जिवंत बीजाणू किती, हे पाहावे लागते. कडक ऊन आणि उष्णता त्यांना मारक ठरतात. दुकानाच्या तापलेल्या फळीवर मेलेले औषध शेतकऱ्याच्या हाती पडले, तर त्याचे पीक जाते, पैसाही जातो, आणि पुढच्या हंगामात तो पुन्हा विषाकडे वळतो. १९५८ च्या अनुभवातून आपण किती शिकलो, याची परीक्षा त्या फळीवर होते.