जहराची लीग आणि न झालेला मोसम

कॉम्प्युटरवरचा 'फुटबॉल मॅनेजर' हा खेळ ज्यांच्या घरात शिरलाय, त्यांना जेवण थंड होणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. इंग्लंडच्या कॉलियर बंधूंनी १९९२ साली 'चॅम्पियनशिप मॅनेजर' आणला, २००४ पासून तोच उद्योग नव्या नावाने चालू झाला. यात चेंडूला पाय लावायचाच नाही. खेळाडू हेरायचे, करार करायचे, पगाराचा हिशेब बसवायचा, कोणी जायबंदी झाला की दुसरा उभा करायचा. थोडक्यात, गणेशोत्सवातल्या नाटकाचं पात्रवाटप!

पण खेळात पैसे मोजले की खेळाडू मिळतो. देशाच्या संघाला ती सोय नाही. १९८० च्या सुमारास कुवेतची वस्ती चौदा लाखांच्या आसपास, त्यातही कुवेती निम्म्याहून कमी. म्हणजे आहे त्यातूनच निवडायचं. १९७६ मध्ये ब्राझीलचे मारियो झागालो इथे प्रशिक्षक म्हणून आले, सोबत कार्लोस अल्बर्टो परेरा. झागालो दोन वर्षांनी गेले, परेरा मात्र राहिले, आणि माझ्या मते खरी कमाई तीच. कादसिया क्लबचे जासिम याकूब आणि फैसल अल-दखील, कुवेत क्लबचा साद अल-हूती, ही मंडळी वर्षानुवर्षं एकत्र खेळली. १९७६ चा आशियाई चषक अंतिम सामन्यात इराणकडे गेला होता. १९८० मध्ये कुवेतने तो घरच्या मैदानावर दक्षिण कोरियाला ३-० हरवून घेतला. त्यात हूतीचा एक गोल, दखीलचे दोन. १९८२ मध्ये हा संघ स्पेनला विश्वचषकात पोचला आणि चेकोस्लोव्हाकियाशी १-१ बरोबरी केली. फ्रान्सविरुद्ध शेख फहाद अल-अहमद मैदानात उतरले आणि पंचांनी दिलेला गोल रद्द झाला, तो किस्सा सगळ्यांना पाठ आहे. (सामना ४-१ हरलो, ते कोणी सांगत नाही.)

आता आमच्या जहराचं. १९२० च्या लढाईचा लाल किल्ला पाहायला पाहुण्यांना आपण नेतो, पण इथल्या क्लबबद्दल फारसं बोलत नाही. कुवेतची लीग म्हणजे बहुतेक वेळा अल-अरबी, कादसिया आणि कुवेत क्लब यांचीच मक्तेदारी. १९६६ साली स्थापन झालेल्या जहरा क्लबने १९८९-९० मध्ये ती जिंकली. राजधानीबाहेरच्या गावाने!

कॉम्प्युटरवर चषक मिळाला की एक बटण दाबायचं, पुढचा मोसम सुरू. जहराच्या संघाला ते बटण मिळालंच नाही. २ ऑगस्ट १९९० ला इराकी रणगाडे उत्तरेकडून आले. जहराजवळ कुवेती चिलखती ब्रिगेडने त्यांना तोंड दिलं. त्याच दिवशी दसमान राजवाड्यापाशी शेख फहाद मारले गेले. १९९०-९१ ची लीग झालीच नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये पळणाऱ्या इराकी फौजेची वाहनं जहरापुढे मुतलाच्या चढावर जळाली. पुढे लीग परत सुरू झाली, पण जहराच्या नावावर अजून ती एकच आहे.