मुलांसाठी संगणकाची पहिली भाषा: निवड कशी करावी?

शालेय विद्यार्थ्यांना संगणकाची पहिली भाषा कोणती शिकवावी, हा प्रश्न पालक आणि शिक्षक यांच्यासमोर आता पूर्वीपेक्षा बराच लवकर उभा राहतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आज्ञावली लेखनाशी संबंधित उपक्रम सुचवले. त्याहूनही लहान मुलांसाठी खासगी शिकवणी वर्ग सुरू झाले आहेत. भाषा निवडताना पुष्कळदा एवढेच पाहिले जाते की, नोकरीच्या बाजारात सध्या कशाला मागणी आहे.

हा निकष दहा वर्षांच्या मुलासाठी फारसा उपयोगी नाही. ते नोकरीच्या वयात येईपर्यंत मागणी बदललेली असण्याची शक्यता मोठी असते. न बदलणारी गोष्ट म्हणजे संगणकाच्या कामाची रीत. आज्ञा क्रमाने पाळणे, माहिती स्मृतीत साठवणे, दोन गोष्टींची तुलना करून पुढचा मार्ग ठरवणे आणि तेच काम सांगितले तितक्या वेळा पुन्हा करणे, या चार क्रियांवर प्रत्येक आज्ञावली उभी असते. त्यामुळे पहिल्या भाषेची खरी कसोटी ही, की ती या क्रिया मुलाला किती स्पष्टपणे दाखवते.

बेसिक: यंत्राशी थेट संवाद

अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी बेसिक ही भाषा तयार केली. १ मे १९६४ रोजी तिच्यातील आज्ञावल्या प्रथम चालवण्यात आल्या. विज्ञानाचा अभ्यास न करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा तिचा हेतू होता. प्रत्येक ओळीला क्रमांक आणि काम सांगणारा एखादा सोपा इंग्रजी शब्द, अशी तिची रचना होती.

१९८० च्या दशकातील बहुतेक घरगुती संगणक सुरू करताच पडद्यावर बेसिक हजर होत असे. एक ओळ लिहायची आणि उत्तर पाहायचे, एवढेच काम असे. स्मृतीतील एखाद्या कप्प्यात कोणता अंक आहे हे वाचण्याची आणि तो बदलण्याचीही सोय त्यांपैकी अनेक संगणकांवर होती. भारतात १९८४-८५ मध्ये 'क्लास' या नावाने शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडक शाळांमध्ये ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले. त्यांच्यातही बेसिक अंगभूत होती.

बेसिकवर टीकाही झाली. एका ओळीवरून दुसऱ्या कोणत्याही ओळीवर उडी मारण्याच्या सवलतीमुळे विचार विस्कळीत होतो, असा आक्षेप होता. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये या भाषेवर अत्यंत कठोर शब्दांत टीका केली. तरीही, सुरू करताच समोर येणारी भाषा आणि तात्काळ मिळणारे उत्तर हा बेसिकचा गुण नवशिक्यांच्या आजच्या भाषांनीही जपला आहे.

लोगो: चुकीतून शिकवणारे कासव

केवळ मुलांचा विचार करून घडवलेली पहिली महत्त्वाची भाषा म्हणजे लोगो. १९६७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वॉली फॉइरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी तिची रचना केली. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या पॅपर्ट यांनी त्याआधी जिनिव्हा येथे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्यासमवेत काम केले होते. मूल स्वतः काही घडवताना ज्ञानही स्वतःच घडवते, ही त्यांची भूमिका होती.

लोगोतील कासव प्रसिद्ध आहे. आरंभी ते जमिनीवर फिरणारे यंत्र होते, पुढे ते पडद्यावर आले. शंभर पावले पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ, हे चार वेळा कर, असे सांगितले की चौरस तयार होतो.

खरे शिक्षण पुढच्या पायरीवर होते. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो, हे मुलाला पाठ्यपुस्तकातून ठाऊक असते. म्हणून ते कासवाला तीन वेळा पुढे जाऊन ६० अंशांत वळायला सांगते. त्रिकोण होत नाही, अर्ध्या षटकोनाची आकृती उमटते. मूल गोंधळते, उठून स्वतः कासवासारखे चालून पाहते आणि त्याच्या लक्षात येते की वळताना आतला कोन नव्हे, बाहेरचा कोन मोजावा लागतो. तो १२० अंशांचा असतो. कासवाने सांगितले तेच केले, चूक सांगण्यात होती, हा अनुभव कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक काही शिकवून जातो. येथे चूक म्हणजे गुण कापण्याचे कारण नसते, ती पुढच्या प्रयत्नाची सुरुवात असते.

स्क्रॅच: ठोकळ्यांची जुळणी

पॅपर्ट यांच्या विचारांचा वारसा स्क्रॅच या भाषेत दिसतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने विकसित केलेली ही भाषा २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ती मुख्यतः ८ ते १६ वयोगटासाठी आहे. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी २०१४ मध्ये स्क्रॅच ज्युनिअर ही तिची सोपी आवृत्ती आली.

स्क्रॅचमध्ये आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात आणि न जुळणारे ठोकळे एकमेकांत बसतच नाहीत. त्यामुळे स्वल्पविराम किंवा कंस राहून गेल्याने होणारी निराशा टळते. आज्ञावली चालू असताना स्मृतीतील संख्या पडद्यावर बदलताना पाहता येते, हा तिचा आणखी एक गुण.

तिची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. तयार चित्रे आणि ध्वनी यांत मूल इतके रमू शकते की, सजावट वाढते आणि तर्क तेथेच राहतो. अशा वेळी पात्र का हलले, हे मुलाकडून वदवून घेणे शिक्षकाचे काम ठरते.

पायथन: लिखित भाषेकडे

ठोकळ्यांकडून लिखित आज्ञांकडे जाताना आज बहुतेक ठिकाणी पायथनची निवड होते. गिडो व्हॅन रॉसम यांनी ॲमस्टरडॅम येथील संशोधन संस्थेत १९८९ च्या अखेरीस तिचे काम सुरू केले आणि १९९१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्याच संस्थेत नवशिक्यांसाठी तयार झालेल्या एबीसी या भाषेचा तिच्यावर प्रभाव आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पूर्वी सी प्लस प्लस शिकवली जाई, आता तिची जागा पायथनने घेतली आहे.

पायथनमध्ये लोगोसारखे कासव अंतर्भूत आहे. त्यामुळे आधीची ओळख पुढे उपयोगी पडते. मात्र ही भाषा यंत्राचे बरेचसे काम झाकून ठेवते. अधूनमधून तो पडदा दूर होतो. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर उत्तर नेमके ०.३ येत नाही. तीननंतर पंधरा शून्ये आणि शेवटी एक ४ दिसतो. संगणक द्विमान पद्धतीने मोजतो, हे त्याचे कारण. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहिताना अंक संपत नाहीत, त्याचप्रमाणे द्विमान पद्धतीत एक दशांश लिहिताना अंक संपत नाहीत. संगणक तो कोठे तरी तोडतो आणि उरलेला सूक्ष्म फरक उत्तरात डोकावतो. सातवी-आठवीच्या मुलाला यंत्राच्या आत नेणारे याहून चांगले दार क्वचितच सापडेल.

देवनागरीची सोय

मराठी माध्यमातील मुलाला दोन अनोळखी भाषा एकाच वेळी शिकाव्या लागतात, एक संगणकाची आणि दुसरी इंग्रजी. हा भार काही अंशी हलका करता येतो. २००८ मध्ये आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना देवनागरीत नावे देता येतात. त्यामुळे 'बेरीज', 'गुण', 'वय' अशी नावे आज्ञावलीत चालतात. मूळ आज्ञा मात्र इंग्रजीतच राहतात आणि आज्ञावलीतील संख्या इंग्रजी आकड्यांत लिहाव्या लागतात. आरंभी लागणारे इंग्रजी शब्द मोजकेच असल्याने त्यांचे अर्थ मराठीत समजावून दिल्यास पुरते.

कागदावरचा संगणक

संगणक आतून कसा चालतो हे शिकवण्याचे एक साधन तर विजेशिवाय चालते. स्टुअर्ट मॅडनिक यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या 'लिटल मॅन कॉम्प्युटर' या प्रतिकृतीत एक काल्पनिक छोटा माणूस ०० ते ९९ अशा शंभर पेट्यांमधून काम करतो. प्रत्येक पेटीत तीन अंकी संख्या असते. तो क्रमाने पेटी उघडतो, आतली संख्या वाचतो आणि तिच्यातील हुकूम पाळतो.

दोन संख्यांची बेरीज करण्यासाठी पहिल्या सहा पेट्यांत ९०१, ३९९, ९०१, १९९, ९०२ आणि ००० असे आकडे ठेवावे लागतात. पहिली संख्या घे, ती ९९ क्रमांकाच्या पेटीत ठेव, दुसरी संख्या घे, ९९ मधील संख्या तिच्यात मिळव, उत्तर बाहेर दे, थांब, असा त्यांचा अर्थ. चिठ्ठ्या आणि काड्यापेट्या घेऊन हा खेळ घरी किंवा वर्गात मांडता येतो.

खेळता खेळता एक मूलभूत गोष्ट उमगते. हुकूमही संख्या आणि माहितीही संख्या, दोन्ही एकाच प्रकारच्या पेट्यांत. शेवटचा थांबण्याचा हुकूम विसरला तर छोटा माणूस पुढच्या पेट्या उघडत जातो आणि तेथील माहितीलाच हुकूम समजून पाळू लागतो. ज्या घरात किंवा शाळेत संगणक नाही, तेथील मुलालाही हे ज्ञान मिळू शकते.

निवड करताना

आठ वर्षांच्या आसपास स्क्रॅच किंवा लोगो, अकरा-बारा वर्षांनंतर पायथन आणि जोडीला कागदावरचा संगणक, असा क्रम बहुतेक मुलांना झेपण्याजोगा आहे. स्क्रॅच आणि पायथन विनामूल्य उपलब्ध आहेत आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेट जोडणीशिवायही वापरता येतात. त्यासाठी महागडा संगणक लागत नाही.

दर काही महिन्यांनी नवी भाषा धरण्यापेक्षा एकीतच पुरेसा काळ काम करणे हिताचे ठरते. एकीत पक्की झालेली रीत दुसरीत सहज नेता येते. याउलट फळ्यावरची आज्ञावली वहीत उतरवून परीक्षेसाठी पाठ करणाऱ्या मुलाच्या हाती कोणतीही भाषा दिली, तरी यंत्र त्याच्यासाठी जादूची पेटीच राहते.

मुलाची प्रगती जोखण्यासाठी पालकांना स्वतः संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. आज्ञावली चालवण्यापूर्वी, पडद्यावर काय दिसेल हे मुलाला विचारावे. त्याने सांगितलेले आणि प्रत्यक्षात दिसलेले वेगळे निघाले, तर फरक का पडला हे त्यालाच शोधू द्यावे. ज्या भाषेत मूल हा शोध आपणहून घेऊ लागते, ती त्याच्यासाठी योग्य पहिली भाषा होय.