आयकर नको, मग काय? : प्रस्तावना

दिल्लीच्या मुनिरक्यातल्या माझ्या खोलीचे भाडे दर महिन्याला रोख द्यावे लागे. पावती मिळे, घरमालकाचा पॅन मात्र मिळत नसे. वर्षाचे भाडे लाखावर गेले की पॅनशिवाय घरभाडे भत्त्याची सूट पदरात पडत नाही. थोडक्यात, घरमालकाने न दाखवलेल्या उत्पन्नाचा भुर्दंड माझ्या पगारातून वसूल होई. करशास्त्राची गोडी मला ग्रंथालयात नव्हे, त्या गल्लीत लागली. गल्लीपासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर, सत्संग विहार मार्गावर, १९७६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्था आहे. पलीकडे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. तिन्हींचा पिनकोड एकच, ११००६७. करधोरणाचे अहवाल आणि रोखीचे भाडे एकाच टपाल कार्यालयातून फिरतात.

आयकर रद्द करावा की नाही, या वादात मराठी वाचकाने बिचकत शिरण्याचे कारण नाही. टक्केवारी येत असली की पुरे. एवढेच ध्यानात ठेवावे की कर रद्द करणे हा प्रश्नाचा सोपा अर्धा भाग आहे. तेवढीच रक्कम मग कोणाच्या खिशातून येणार, तिथे खरा अभ्यास सुरू होतो.

आपल्याकडचा आयकर १८५७च्या उठावाच्या खर्चातून जन्मला. वित्त सदस्य जेम्स विल्सन यांनी तो १८६० मध्ये आणला. पाच वर्षांनी तो गेला, पुन्हा आला, आणि १८८६च्या कायद्याने कायमचा बसला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२च्या अंदाजपत्रकी भाषणात मिठावरचा कर कमी करा आणि आयकराची किमान मर्यादा हजार रुपयांवर न्या, अशी मागणी केली. पुढच्याच वर्षी मर्यादा हजारावर गेली. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली मुंबई कायदेमंडळात नेमके वर्मावर बोट ठेवले : आयकरात लहान उत्पन्नाला माफी आहे, शेतसाऱ्यात मात्र अर्ध्या एकराच्या धन्यालाही नाही. ऐपत पाहून कर घ्यावा हे तत्त्व शहराला लावायचे आणि खेड्याला नाही, हा तो अन्याय.

स्वातंत्र्यानंतर काटा उलटा फिरला. राज्यघटनेने शेतीच्या उत्पन्नावरचा कर राज्यांकडे दिला आणि बहुतेक राज्यांनी त्याला हात लावला नाही. पहिला पर्याय इथलाच : के. एन. राज समितीने १९७२ मध्ये जमिनीच्या उत्पादकतेवर आधारलेला शेतीधारणा कर सुचवला. तो कागदावरच राहिला. बडा बागायतदार आणि शेतीच्या आडोशाने पैसा लपवणारा शहरी माणूस यांचे त्यात भले झाले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात काहीच पडले नाही.

दुसरा पर्याय खर्चावरच्या कराचा. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १९५६ मध्ये, केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डॉर भारतात आले. माणूस समाजाच्या भांड्यात किती टाकतो यापेक्षा त्यातून किती काढतो यावर कर घ्या, असा त्यांचा युक्तिवाद. देशमुखांनी त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला आणि १९५७चा खर्च कर नवे अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांच्या हातून आला. मोरारजी देसाईंनी तो १९६२ मध्ये काढला, कृष्णम्माचारींनी १९६४ मध्ये परत आणला, १९६६ मध्ये तो कायमचा गेला. कल्पना मला आजही देखणी वाटते. पण उत्पन्न लपवणारा खर्चही लपवतो.

तिसरा पर्याय तर मराठी मातीतलाच. पुण्याच्या अर्थक्रांती प्रतिष्ठानचे अनिल बोकील यांनी मांडले की आयात शुल्क सोडून सगळे कर काढा, बँकेत जमा होणाऱ्या प्रत्येक रकमेवर ठरावीक टक्का कापा आणि मोठ्या नोटा बंद करा. रोखीचा व्यवहार करमुक्त, पण मर्यादित. नोव्हेंबर २०१६च्या नोटबंदीनंतर या प्रस्तावाचे नाव घरोघरी झाले. तो अमलात आला असे म्हणणे मात्र चूक आहे : मोठ्या नोटा काढायच्या तर निघाली दोन हजाराची नोट. प्रस्तावाचा सोपेपणा खरा आहे. त्याची अडचण इचलकरंजीत दिसते. कापूस, सूत, यंत्रमाग, प्रोसेस, व्यापारी, दुकान अशा प्रत्येक टप्प्यावर पैसे बँकेत येणार आणि कापले जाणार. कापसापासून शर्टापर्यंत सगळे एकाच छताखाली करणाऱ्या बड्या कंपनीला ही कात्री एकदाच. ब्राझीलने असा कर १९९७ पासून दहा वर्षे चालवला, पण इतर करांच्या जोडीला आणि अर्ध्या टक्क्याहून कमी दराने. आपल्याकडे बँकेतून मोठी रोकड काढण्यावरचा कर २००५ मध्ये आला आणि २००९ मध्ये गेला. माझ्या घरमालकाला तर यातले काहीच बाधत नाही. भाडे रोख असते.

राजकीय बाजू थोडक्यात सांगतो. आयकर केंद्र गोळा करते, पण वाटपयोग्य रकमेतला ४१ टक्के हिस्सा राज्यांचा असतो. उपकर आणि अधिभार त्या वाटणीत येत नाहीत. त्यामुळे पर्याय कोणताही सुचवा, राज्यांच्या तिजोरीचे काय हे त्याच कागदावर लिहा.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. त्याआधी महाराष्ट्रात नोकरी करीत असाल तर पगाराची चिठ्ठी काढा आणि व्यवसाय कराची ओळ शोधा. रोजगार हमीच्या खर्चासाठी १९७५ साली महाराष्ट्राने बसवलेला, आयकराहून वेगळा असा हा पगारावरचा कर आहे. चांगला पगार असेल तर अकरा महिने २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. घटनेने घातलेली २५०० रुपयांची वार्षिक मर्यादा १९८८ पासून हललेली नाही.