इंप्लॅकेबल

इंप्लॅकेबल : मूळची फ्रेंच, परंतु १८०५ पासून ब्रिटिश नौसेनेत असलेली शिडांची युद्धनौका. फ्रान्सच्या नौसेनेत ती द्यूगे-त्रूएँ ह्या नावाने ओळखली जात असे. १८०० मध्ये ती पाण्यात उतरली आणि १९४९ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापासून काही अंतरावर मुद्दाम बुडविण्यात आली. जवळजवळ दीडशे वर्षांच्या ह्या आयुष्यापैकी जेमतेम साडेपाच वर्षे ती फ्रान्सच्या निशाणाखाली होती; उरलेली १४४ वर्षे तिने आपल्या एके काळच्या शत्रूच्या पदरी काढली. ट्रफॅल्गरच्या लढाईत (२१ ऑक्टोबर १८०५) भाग घेतलेल्या जहाजांपैकी दुसऱ्या महायुद्धानंतरही टिकून असलेली जहाजे दोनच होती : नेल्सनची व्हिक्टरी आणि ही इंप्लॅकेबल. शिडांच्या काळातील आरमारी युद्धात पाडाव केलेल्या जहाजांना कोणते मोल होते आणि ते मोल कशावर अवलंबून असे, हे ह्या नौकेच्या इतिहासावरून विशेष स्पष्ट होते.

बांधणी व फ्रेंच सेवा : द्यूगे-त्रूएँची बांधणी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील रॉशफॉर येथील सरकारी गोदीत झाली व २४ मार्च १८०० रोजी ती पाण्यात उतरविण्यात आली. सतराव्या–अठराव्या शतकांतील प्रसिद्ध फ्रेंच दर्यावर्दी रने द्यूगे-त्रूएँ (१६७३–१७३६) ह्याच्यावरून तिला हे नाव मिळाले. झाक-नोएल साने ह्या नौकाशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार बांधलेल्या तेमेरेर वर्गातील ही नौका होती. ह्या एकाच आराखड्यावरून शंभराहून अधिक नौका बांधण्यास घेण्यात आल्या. त्या काळी मोठ्या युद्धनौका एकामागे एक अशी रांग धरून लढत व शत्रूवर एका बाजूच्या सर्व तोफांची एकदम फैर झाडीत. अशा रांगेत टिकाव धरू शकणाऱ्या नौकांमध्ये दोन मजली, ७४ तोफांची नौका सर्वांत उपयुक्त मानली जाई. कारण ताकद, वेग व खर्च ह्यांचा तीत उत्तम मेळ बसे. द्यूगे-त्रूएँची लांबी सु. ५५ मी. व रुंदी सु. १५ मी. होती. खालच्या मजल्यावर ३६ पौंडी, वरच्या मजल्यावर १८ पौंडी आणि उघड्या भागावर ८ पौंडी तोफा, अशी ह्या वर्गाच्या नौकांवरील तोफांची ठरीव मांडणी होती.

तिची फ्रेंच सेवा अल्पकालीन असली, तरी घटनांनी भरलेली आहे. कॅरिबियन समुद्रातील सँ-दॉमिंग (नंतरचे हैती) ह्या वसाहतीतील बंड मोडण्यासाठी नेपोलियनने धाडलेल्या मोहिमेत ती होती. १८०३ च्या जुलैमध्ये काप-फ्राँसे बंदराची ब्रिटिश नाकेबंदी फोडून बाहेर पडताना तिच्या सोबतची द्यूकेन ही नौका ब्रिटिशांच्या हाती लागली. द्यूगे-त्रूएँ मात्र निसटली आणि अटलांटिक ओलांडून स्पेनमधील ला कोरुन्या बंदरात पोहोचली. पुढे १८०५ मध्ये ती अ‍ॅडमिरल व्हिलनव्हच्या आरमारात सामील झाली.

ट्रफॅल्गर व पाडाव : ट्रफॅल्गरच्या लढाईत फ्रान्स व स्पेन ह्यांच्या संयुक्त आरमारात ३३ मोठ्या नौका होत्या, तर नेल्सनकडे २७. द्यूगे-त्रूएँ ही रिअर अ‍ॅडमिरल द्यूमान्वार ह्याच्या हाताखालील आघाडीच्या तुकडीत होती. नेल्सनने शत्रूची रांग मध्यभागी व पिछाडीस तोडली, त्यामुळे आघाडीची तुकडी लढाईपासून दूर पडली. वारा मंद होता आणि ती वळून परत येईपर्यंत निकाल लागून चुकला होता. काही काळ तोफा डागून द्यूमान्वार चार नौकांनिशी अटलांटिकच्या दिशेने निघून गेला. फॉर्मिदाब्ल, सिपिओं, माँ ब्लाँ व द्यूगे-त्रूएँ ह्या त्या चार नौका होत.

त्यांची ही सुटका दोन आठवडेच टिकली. दुसऱ्याच एका फ्रेंच ताफ्याच्या शोधात असलेल्या सर रिचर्ड स्ट्रॅचन ह्याच्या ताफ्याची व त्यांची गाठ बिस्केच्या उपसागरात पडली. ४ नोव्हेंबर १८०५ रोजी स्पेनच्या वायव्य टोकाजवळ झालेली ही लढाई केप ऑर्तेगालची लढाई म्हणून ओळखली जाते. ब्रिटिशांनी फ्रेंच नौकांच्या एका अंगाला मोठ्या नौका व दुसऱ्या अंगाला फ्रिगेट अशी व्यवस्था करून त्यांना मध्ये कोंडले. द्यूगे-त्रूएँचा कप्तान क्लोद तूफे लढता लढता ठार झाला आणि अखेर चारही नौकांनी शरणागती पतकरली. ब्रिटिशांचे २४ लोक ठार व १११ जखमी झाले. फ्रेंचांची हानी त्याच्या कितीतरी पट होती.

पाडाव जहाजांची व्यवस्था : पकडलेले जहाज ब्रिटिश बंदरात आणल्यावर ते आपोआप नौसेनेचे होत नसे. जहाज रीतसर युद्धात पकडले आहे, असा निर्णय प्रथम प्राइझ कोर्ट देई. नंतर गोदीतील अधिकारी त्याची पाहणी करीत आणि ते नौसेनेच्या उपयोगाचे ठरल्यास सरकार त्याची किंमत देई. ही रक्कम पकडणाऱ्यांमध्ये वाटली जाई. १८०८ पूर्वीच्या नियमांनुसार तिच्या आठ हिश्श्यांपैकी तीन कप्तानाकडे जात (त्यांतील एक त्याच्या वरच्या अ‍ॅडमिरलचा), आणि शेकडो सामान्य खलाशांना मिळून दोनच हिस्से मिळत. वाटणी अशी विषम असली, तरी खलाशाच्या तुटपुंज्या वेतनाच्या मानाने तीही मोठी आशा वाटे.

सरकारचा लाभ वेगळा होता. मोठी युद्धनौका बांधण्यास अनेक वर्षे लागत व त्यासाठी जुनी, मुरलेली ओकची लाकडे प्रचंड प्रमाणात लागत. पाडाव केलेली नौका हा वेळ व हे लाकूड वाचवी. शिवाय फ्रेंच नौका त्याच दर्जाच्या ब्रिटिश नौकांपेक्षा सामान्यतः मोठ्या व वेगवान असत. त्यांची बांधणी काहीशी हलकी असल्याने त्यांना दुरुस्ती मात्र वारंवार लागे. ब्रिटिश नौकाशिल्पज्ञ अशा नौकांची मापे घेऊन त्यांवरून नव्या नौकांचे आराखडे तयार करीत. १७८२ मध्ये पकडलेल्या एबे ह्या फ्रेंच फ्रिगेटवरून ब्रिटिशांनी आपला लीडा वर्ग बेतला, हे ह्याचे ठळक उदाहरण होय.

ऑर्तेगालच्या चार नौकांचे भवितव्य ह्या दृष्टीने बोलके आहे. फॉर्मिदाब्ल (नवे नाव ब्रेव्ह) व माँ ब्लाँ ह्यांना पुन्हा लढाऊ कामगिरी मिळाली नाही. बंदरात नांगरून कैदी किंवा दारूगोळा ठेवण्यासाठी त्यांचा वापर झाला. सिपिओंने १८११ च्या जावा बेटावरील मोहिमेत रिअर अ‍ॅडमिरल स्टॉपफर्डची ध्वजनौका म्हणून काम केले. द्यूगे-त्रूएँला ‘इंप्लॅकेबल’ म्हणजे ‘कशानेही शांत न होणारी’ हे नवे नाव मिळाले व ती पुढे चौघींत सर्वाधिक टिकली.

ब्रिटिश सेवेतील कामगिरी : १८०७ च्या टिल्झिटच्या तहानंतर रशिया नेपोलियनच्या बाजूला गेला आणि पुढच्या वर्षी त्याने स्वीडनच्या ताब्यातील फिनलंडवर स्वारी केली. स्वीडनच्या मदतीसाठी ब्रिटनने बाल्टिक समुद्रात आरमार पाठविले. त्यात कप्तान टॉमस बायम मार्टिन ह्याच्या हाताखाली इंप्लॅकेबल होती. २६ ऑगस्ट १८०८ रोजी स्वीडिश आरमार मागे रेंगाळत असताना सेंटॉर व इंप्लॅकेबल ह्या दोनच ब्रिटिश नौकांनी माघार घेणाऱ्या रशियन आरमाराला गाठले. इंप्लॅकेबलने व्स्येव्होलोद ह्या ७४ तोफांच्या नौकेशी अगदी जवळून झुंज दिली व तिला निकामी केले. तीत इंप्लॅकेबलवरील ६ जण ठार व २६ जखमी झाले. पुढे रॉगरव्हिक (आताचे एस्टोनियातील पाल्दिस्की) बंदराच्या तोंडाशी व्स्येव्होलोद जमिनीला लागली. सेंटॉरने तिचा पाडाव केला, परंतु ती हलविता येईना, म्हणून ती जाळून टाकण्यात आली. पकडलेले प्रत्येक जहाज पदरी पडतेच असे नाही, हेही ह्यावरून दिसते. ह्या लढाईत भाग घेतलेल्या हयात सैनिकांना १८४७ मध्ये ठरविलेल्या नौसेना पदकावर नौकेचे नाव व लढाईची तारीख कोरलेली पट्टी देण्यात आली.

७ जुलै १८०९ रोजी इंप्लॅकेबल व तिच्या सोबतच्या नौकांवरील होड्यांनी फिनलंडच्या किनाऱ्यावर रशियन तोफनौकांच्या तळावर रात्री छापा घातला. आठांपैकी सहा तोफनौका व रसद वाहणारी बारा गलबते त्यांनी पकडली. छाप्याचे नेतृत्व करणारा लेफ्टनंट जोसेफ हॉकी मात्र मारला गेला. नेपोलियनबरोबरची युद्धे संपल्यानंतर नौका दीर्घ काळ बंदरात पडून होती. ईजिप्तचा राज्यपाल मुहम्मद अली ह्याच्याविरुद्ध १८४० मध्ये सिरियाच्या किनाऱ्यावर झालेल्या मोहिमेच्या वेळी ती भूमध्य समुद्रातील आरमारात होती. ही तिची शेवटची लढाऊ कामगिरी. १८४२ मध्ये तिला प्लिमथ येथे सेवेतून काढण्यात आले.

प्रशिक्षण नौका : वाफेच्या यंत्रामुळे व लोखंडी बांधणीमुळे शिडांच्या युद्धनौका एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निरुपयोगी ठरू लागल्या व बहुतेक मोडीत निघाल्या. इंप्लॅकेबल वाचली, कारण तिला दुसरा उपयोग सापडला. १८५५ पासून डेव्हनपोर्ट येथे ती नौसेनेत भरती होणाऱ्या मुलांची प्रशिक्षण नौका झाली. १८७१ मध्ये लायन ही दुसरी जुनी नौका तिला जोडण्यात आली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती विक्रीस निघण्याची वेळ आली. परंतु १९१२ मध्ये ती जेफ्री व्हीटली कॉब ह्या धनिक गृहस्थाकडे सोपविण्यात आली. जुन्या नौकांवर मुलांना सागरी जीवनाचे शिक्षण द्यावे, हा त्यांचा छंदच होता. नेल्सनची एके काळची ध्वजनौका फूद्रॉयंट त्यांनी ह्याच हेतूने विकत घेतली होती. ती १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटली. तेव्हा त्यांनी ट्रिंकोमाली ही फ्रिगेट विकत घेऊन तिला फूद्रॉयंट हेच नाव दिले.

ह्या ट्रिंकोमालीचा संबंध थेट मुंबईशी पोहोचतो. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया ह्यांच्या देखरेखीखाली मलबारी सागाची ही नौका बांधण्यात आली व १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. ती लीडा वर्गाची होती; म्हणजे पाडाव केलेल्या एबेचाच घाट तिला लाभला होता. तिचे आराखडे घेऊन १८१२ मध्ये निघालेली जावा ही फ्रिगेटदेखील मूळची फ्रेंच (रनोमे) होती. वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन ह्या नौकेने तिचा पराभव करून ती नष्ट केली, त्यामुळे आराखडे दुसऱ्यांदा पाठवावे लागले. मुंबईची ट्रिंकोमाली आणि रॉशफॉरची इंप्लॅकेबल अशा रीतीने प्रथम फॅलमथ व १९३२ पासून पोर्ट्‌स्मथ येथे शेजारी शेजारी आल्या. कॉब ह्यांचे १९३१ मध्ये निधन झाले होते. तरी लोकवर्गणीतून दुरुस्ती करीत प्रशिक्षणाचे काम चालू राहिले आणि दुसऱ्या महायुद्धात नौसेनेने ह्या दोन्ही नौका प्रशिक्षणासाठी पुन्हा वापरल्या.

अखेर : महायुद्धानंतर इंप्लॅकेबलचा ओकचा सांगाडा फार कुजलेला आढळला. युद्धाने खचलेल्या ब्रिटनमध्ये घरबांधणीसाठीही लाकूड व मजूर अपुरे होते. ॲडमिरॅल्टीने नौका फ्रान्सला परत देऊ केली, पण तेथेही तशीच ओढाताण असल्याने फ्रान्सने ती घेतली नाही. जिच्यासाठी दोन राष्ट्रे लढली, तिला घेण्यास आता दोघांपैकी कोणीच तयार नव्हते. २ डिसेंबर १९४९ रोजी ती पोर्ट्‌स्मथहून ओढून समुद्रात नेण्यात आली. तिच्यावर ब्रिटिश व फ्रेंच अशी दोन्ही निशाणे शेजारी शेजारी फडकत होती. सुरुंगाने तळ फुटला, तरी ती लगेच बुडाली नाही. वरचा भाग बराच वेळ तरंगत राहिला. तत्पूर्वी तिच्या पिछाडीचा कोरीव सज्जा व नाळेवरील मेड्युसाची मूर्ती काढून घेण्यात आली होती. त्या ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आल्या आहेत. नांगराचा दोर गुंडाळण्याचा तिचा उभा रहाट रॉशफॉरला, तिच्या जन्मस्थानी, परत गेला.

परिणाम : ह्या घटनेने ब्रिटनमध्ये तीव्र नाराजी पसरली आणि ऐतिहासिक जहाजे जतन करण्याच्या चळवळीला तीमुळेच जोर आला. ग्रिनिच संग्रहालयाचे संचालक फ्रँक कार ह्यांनी पुढाकार घेऊन कटी सार्क हे चहाची वाहतूक करणारे जलद शिडांचे जहाज वाचविले. ते १९५७ मध्ये लोकांसाठी खुले झाले. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या वर्ल्ड शिप ट्रस्ट ह्या संस्थेने ‘इंप्लॅकेबल—पुन्हा कधीही नाही’ ह्या अर्थाचे ब्रीदवाक्य स्वीकारले. ट्रिंकोमाली १९८७ मध्ये ईशान्य इंग्लंडमधील हार्टलपूल येथे नेण्यात आली. १९९२ मध्ये तिला मूळ नाव परत मिळाले आणि २००१ पर्यंत तिचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. आकाराने लहान असल्याने तिचा खर्च कमी होता, आणि मुंबईत वापरलेला साग ओकपेक्षा चिवट ठरला, हे खरे. पण इंप्लॅकेबल गमावल्यावर लोकांना आलेली जाणीवही तिच्या उपयोगी पडली. पाडाव केलेल्या नौकेचे मोल प्रारंभी तिच्या तोफांवर व लाकडावर ठरले, नंतर तिच्यावर शिकणाऱ्या मुलांवर. हे दोन्ही उपयोग संपल्यावर निव्वळ स्मृती म्हणून तिला राखण्याची तरतूद कोणी केलेली नव्हती. ती तरतूद तिच्यामागून आली व तिचा लाभ इतर जहाजांना झाला.