टपाल सर्वेक्षणातील भेटी
टपालाने पाठविलेली प्रश्नावली लोकांनी भरून परत करावी, यासाठी त्यांना अल्प रक्कम वा लहानशी वस्तू देण्याची पद्धती. अशा सर्वेक्षणाचा खर्च कमी असला, तरी अल्प प्रतिसाद हा त्याचा मोठा दोष होय. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सु. एक कोटी नमुना मतपत्रिका पाठविल्या, त्यांपैकी सु. २३ लक्ष परत आल्या. त्यांवरून ॲल्फ्रेड लँडन यांच्या विजयाचे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. मतदारांच्या सदोष याद्यांप्रमाणेच उत्तर न देणाऱ्यांचे भिन्न मत हेही या अपयशाचे कारण ठरले.

जेम्स व बोलस्टीन यांच्या १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात भेटीविना ५२ टक्के लोकांनी उत्तरे दिली. उत्तरानंतर ५० डॉलर देण्याच्या आश्वासनाने हे प्रमाण ५७ टक्के, तर प्रश्नावलीसोबतच पाठविलेल्या एका डॉलरने ६४ टक्के झाले. ॲलन चर्च यांनी १९९३ मध्ये ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन आगाऊ भेटच परिणामकारक ठरते, असा निष्कर्ष काढला. नंतर मिळणारी रक्कम श्रमाचा मोबदला वाटते. आधी मिळालेली भेट मात्र विश्वास दर्शविते व परतफेडीची भावना जागविते. या परतफेडीच्या नियमाचे विवेचन मार्सेल मोस यांनी १९२५ मध्येच केले होते. तथापि भेटीमुळे विशिष्ट वर्गाचीच उत्तरे वाढली, तर प्रतिसाद वाढूनही निष्कर्ष एकांगीच राहतात.