रॉकेटचा आवाज आणि आपली ती चार मिनिटं



स्मरणिकेसाठी 'तुझ्या आवडीच्या विषयावर काहीतरी लिही' असा संपादक मंडळाचा फोन आला, तेव्हा मला लगेच आपलं 2002 च्या जानेवारीतलं गॅदरिंग आठवलं. दहावीच्या मुलांनी केलेली विज्ञानकथेची चार मिनिटांची ॲनिमेशन फिल्म. मंगळावर गेलेली मुलगी आईला शेवटचा निरोप पाठवते, ती. चित्रं दोघांनी काढली, फ्लॅशवर हलवली तिसऱ्याने, आणि आवाजाचं खातं माझ्याकडे होतं. त्या फिल्मचं काय झालं हे सभागृहात होतात त्या सर्वांना माहीत आहे. का झालं, हे मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते सांगायचं तर आधी थोडा इतिहास सांगावा लागेल.

विज्ञानकथेतल्या आवाजाची मूळ अडचण अशी, की जी वस्तू जगात नाही तिचा आवाज रेकॉर्ड करणार कुठे? घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या आहेत, पावसासाठी चाळणीत हलवलेले तांदूळ आहेत. परग्रहावरच्या राक्षसासाठी काय? 1956 साली 'फॉरबिडन प्लॅनेट' या चित्रपटासाठी लुई आणि बेबे बॅरन या अमेरिकन जोडप्याने स्वतः इलेक्ट्रॉनिक सर्किटं जोडली, त्यांना मर्यादेपलीकडे वीज दिली आणि ती किंचाळू लागली की टेप फिरवली. काही सर्किटं जळूनही जात. त्या सर्किटाचा तो आवाज पुन्हा मिळत नसे, टेपवर असेल तेवढाच. संगीतकारांच्या संघटनेची अडचण येऊ नये म्हणून श्रेयनामावलीत त्याला 'संगीत' न म्हणता 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज' म्हटलं गेलं.

लंडनमध्ये बीबीसीने 1958 मध्ये रेडिओफोनिक वर्कशॉप सुरू केलं. तिथे 1963 साली 'डॉक्टर हू' मालिकेचं शीर्षकसंगीत तयार झालं. चाल रॉन ग्रेनरची, पण डेलिया डर्बिशायर यांनी एकेक स्वर टेपच्या तुकड्यावर घेऊन, कापून, जोडून ते उभं केलं. सिंथेसायझर हाताशी नव्हता. ब्लेड, चिकटपट्टी आणि कान एवढीच सामग्री. त्याच मालिकेतलं कालयान सुटतं तेव्हाची ती घरघर ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या जाड तारांवर घराची किल्ली घासून मिळवली. नंतर टेपचा वेग बदलला, प्रतिध्वनी जोडला.

1977 च्या 'स्टार वॉर्स'मध्ये बेन बर्ट यांनी हाच मार्ग पुढे नेला. प्रकाशतलवारीची गुणगुण म्हणजे जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरचा आवाज आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ माइक नेल्यावर येणारी भणभण. तलवार फिरल्यासारखी वाटावी म्हणून त्यांनी तो आवाज स्पीकरवर लावला आणि समोरून माइक हवेत फिरवला. आपल्याला नववीत शिकवलेला डॉप्लर परिणाम तो हाच. बंदुकीचा आवाज रेडिओ टॉवरला ताण देणाऱ्या तारेवर हातोडी मारून काढलेला, आणि शत्रूच्या विमानात हत्तीचं चीत्कारणं आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी मोटार मिसळलेली.

आपल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. आपण 'कॅप्टन व्योम' पाहून मोठे झालो होतो. पण आठवा, आपणही अगदी हेच केलं! स्टीलची पट्टी बाकाच्या कडेला दाबून सोडली, ती लेसर झाली. रोबोटची पावलं म्हणजे रिकामा खडूचा डबा. आणि रॉकेट म्हणजे आमच्या घरचा रॉकेलचा स्टोव्ह. आईने त्या दिवशी चहा अर्धा तास उशिरा केला, कारण मी टेपरेकॉर्डर घेऊन स्टोव्हसमोर बसलो होतो.

ते सगळं आपण शाळेच्या संगणक कक्षात विंडोज 98 च्या साउंड रेकॉर्डरमध्ये घेतलं. त्यात एका वेळी साठ सेकंदच रेकॉर्ड होई. 'इफेक्ट्स' मेनूत पाच-सहा गोष्टी होत्या: आवाज 25 टक्क्यांनी वाढवा, कमी करा, वेग दुप्पट करा, निम्मा करा, प्रतिध्वनी जोडा, उलटा करा. स्टोव्हचा वेग निम्मा केला आणि खरंच रॉकेट उडालं. संगणकाच्या बाईसुद्धा शेजारच्या वर्गातून बघायला आल्या होत्या.

आता त्या संध्याकाळबद्दल. मुलीच्या भूमिकेला आवाज दिला होता आपल्या वर्गातल्या एका शांत मैत्रिणीने. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. वर्गात ती प्रश्नाचं उत्तरसुद्धा हळू देई. तिला तयार करायला मराठीच्या बाईंना आठवडा लागला. ती बोलली मात्र सुंदर. शेवटी यान सुटतं आणि ती आईला म्हणते, 'हा निरोप पोचेपर्यंत मी निघालेली असेन.' मंगळाहून रेडिओ संदेश यायला ग्रहांच्या अंतराप्रमाणे साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात, हे विज्ञानाच्या सरांनी सांगितलं होतं. त्यावरूनच ते वाक्य सुचलेलं.

सभागृहात ते वाक्य ऐकूच आलं नाही. यानाच्या गर्जनेत फक्त तिचे ओठ हलताना दिसले. मागून कुणीतरी ओरडलं, 'आवाज!' आणि हशा पिकला. नंतर विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगितलं, 'तिचा आवाजच बारीक आहे, मी काय करणार?' ते तिच्या कानावर गेलं. पुढे निरोप समारंभात तिला बोलायला सांगितलं, तेव्हा ती उठली नाही.

खरं कारण मला पुष्कळ वर्षांनी समजलं, जेव्हा हौस म्हणून मी ध्वनिमिश्रणाचा थोडा अभ्यास केला. मी तीन चुका केल्या होत्या.

पहिली चूक स्पीकरची. संगणकाच्या डबीएवढ्या स्पीकरमधून खालचे, घुमणारे स्वर येतच नाहीत. मला रॉकेट फिकं वाटलं म्हणून मी '25 टक्क्यांनी वाढवा' हे बटण पाच वेळा दाबलं. गुणाकार करून पाहा, मूळ आवाजाच्या तिप्पट होतो. मंडपवाल्याच्या मोठ्या बॉक्समधून मात्र तो घुमणारा भाग पूर्ण ताकदीने बाहेर आला. शिवाय फ्लेचर आणि मन्सन या बेल प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी 1933 सालीच दाखवून दिलं होतं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्जातले स्वर कमी ऐकू येतात. मी हळू आवाजात काम केलं, आणि दाखवलं मोठ्या आवाजात.

दुसरी चूक स्टोव्हची. स्टोव्हची 'स्स्स्' म्हणजे एक स्वर नव्हे, शेकडो स्वरांची एकदम भर. वेग निम्मा केला की प्रत्येक स्वराची कंपनसंख्या निम्मी होते. म्हणजे 4,000 ते 8,000 हर्ट्‌झमधली सगळी फुसफुस 2,000 ते 4,000 मध्ये येऊन बसली. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं जिथे ओळखू येतात, तो पट्टा नेमका हाच. माझ्या रॉकेटने तिचे शब्द नेमक्या जागी झाकले. तिच्याऐवजी कुणी खणखणीत आवाजाचा असता, तरी फार फरक पडला नसता.

तिसरी चूक हव्यासाची. मला माझं रॉकेट ऐकवायचं होतं. 1968 च्या '2001: अ स्पेस ओडिसी'मध्ये अंतराळातल्या कितीतरी दृश्यांना आवाजच नाही, कारण पोकळीत ध्वनी जात नाही. नवख्या माणसाला तेवढा धीर नसतो.

आपल्या गॅदरिंगनंतर महिन्याभरात, फेब्रुवारी 2002 मध्ये, जपानमध्ये माकोतो शिनकाई या तरुणाची 'व्हॉइसेस ऑफ अ डिस्टंट स्टार' ही पंचवीस मिनिटांची फिल्म प्रदर्शित झाली. घरच्या संगणकावर, जवळजवळ एकट्याने केलेली. तीही अंतराळात गेलेल्या शाळकरी मुलीची आणि उशिरा पोचणाऱ्या निरोपांची गोष्ट. पहिल्या आवृत्तीत मुख्य पात्रांचे आवाज त्याचे स्वतःचे आणि त्याच्या वाग्दत्त वधूचे होते. तिच्यात युद्ध आहे, स्फोट आहेत. पण मुलगी बोलू लागली की यंत्रं मागे सरतात. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मी मध्येच बंद केली आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

आज हौशी मुलांना कितीतरी सोयी आहेत. ऑडॅसिटी 2000 पासून फुकट आहे, ब्लेंडर 2002 च्या अखेरीस सर्वांसाठी खुलं झालं, 2005 पासून बार्सिलोनाच्या विद्यापीठाच्या फ्रीसाउंडवर जगभरचे आवाज मिळतात. पण माझी भाची शाळेसाठी अशी फिल्म करते तेव्हा मी तिला एवढंच सांगतो: आधी माणसाचा आवाज लाव, मग बाकीचं त्याच्याभोवती रच. आणि झाल्यावर चार वेगळ्या स्पीकरांवर ऐक, एकदा स्वयंपाकघरातूनही.

मागच्या दिवाळीत घर आवरताना ती जुनी सीडी सापडली. तिच्यावर मिसळण्याआधीच्या फायली होत्या. तिचा आवाज एकटा ऐकला. स्पष्ट, शांत, एकही शब्द न गिळलेला. मी रॉकेट तिच्या वाक्याखाली बारा डेसिबलने उतरवलं, मधला पट्टा थोडा कापला आणि ती बोलायला लागण्याआधी अर्धा सेकंद शांतता ठेवली. इतकंच काम होतं.

मग तिला फोन केला. वरच्या तिन्ही चुका सांगितल्या आणि माफी मागितली. ती हसली आणि म्हणाली, 'मला इतकी वर्षं वाटत होतं, मी माइकपासून लांब उभी राहिले.' फिल्म पुन्हा दाखवायला तिने परवानगी दिली आहे, एका अटीवर: सभागृहातल्या आवाजाची चाचणी आदल्या दिवशी तिच्यासमोर घ्यायची.

तेव्हा मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या सत्रात वेळेवर या. मागच्या रांगेत बसणाऱ्यांना खास विनंती, शेवटचं वाक्य ऐकू आलं की नाही हे मला येऊन सांगा. ज्यांनी तेव्हा 'आवाज!' म्हणून आरोळी ठोकली, त्यांनीही जरूर या. तेव्हा चूक तुमची नव्हती.